निकैया ते कॅल्सिडॉन : एका धर्मवादाचा इतिहास

इतिहासांतील कांहीं वाद दुरून पाहणारास केवळ शब्दांचे खेळ वाटतात. इसवी सनाच्या चौथ्या व पांचव्या शतकांत ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीं जो वाद झाला तो याच प्रकारांत मोडतो, असा पुष्कळांचा समज आहे. येशू ख्रिस्त देव होता कीं मनुष्य, आणि दोन्ही असल्यास देवत्व व मनुष्यत्व हीं त्याच्या ठिकाणीं कोणत्या नात्यानें एकत्र नांदत होतीं, या प्रश्नावर सुमारें सव्वाशें वर्षें बिशप, संन्यासी, सम्राट आणि बाजारांतील सामान्य माणसें एकमेकांशीं झगडलीं. कित्येक धर्मगुरु पदच्युत झाले, कित्येक हद्दपार झाले, आणि शेवटीं शेवटीं रक्तही सांडलें. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहासकार एडवर्ड गिबन यानें, एका ग्रीक शब्दांतील एका स्वराकरितां हीं सारीं भांडणें झालीं, अशा अर्थाची जी थट्टा केली आहे ती इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढ्यांना चांगली परिचित आहे.

परंतु या थट्टेंत सामील होण्यापूर्वीं आपण आपल्या घरांत डोकावून पाहावें हें बरें. छांदोग्य उपनिषदांतील एका प्रसिद्ध महावाक्याचा पदच्छेद करतांना मागील शब्दाच्या दीर्घ स्वरांत एक निषेधार्थी अकार दडलेला आहे असें मानावयाचें कीं नाहीं, यावर शांकर अद्वैत आणि माध्व द्वैत यांचे अर्थ एकमेकांच्या उलट होतात. जीव आणि ब्रह्म एक, हा एक अर्थ. जीव म्हणजे ब्रह्म नव्हे, हा दुसरा. त्या एका अकाराला आपण क्षुल्लक म्हणत नाहीं. कारण त्याच्यामागें मोक्षाचा प्रश्न उभा आहे हें आपण जाणतों. तोच न्याय आपण अलेक्झांड्रिया व अंत्युखिया येथील पंडितांनाही लावला पाहिजे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. हा वाद पोकळ नव्हता, त्यांतील प्रत्येक पक्ष कांहीं तरी अमोल वस्तु राखूं पाहत होता, ही एक. आणि पुढें त्यांतून जीं दीड हजार वर्षांचीं वैरें उत्पन्न झालीं त्यांचें मोठें कारण, वाद परिपक्व होण्यापूर्वींच राजसत्तेनें त्याचा निकाल लावण्याची घाई केली, ही दुसरी.

वादाचें मूळ अगदीं साधें आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. ईश्वर एकच आहे, त्याला आकार नाहीं, त्याच्या जागीं दुसऱ्या कोणाची पूजा करणें हें महापाप, अशा कडव्या एकेश्वरवादांत ते वाढलेले. तरीही पहिल्याच पिढीपासून ते येशूची प्रार्थना करूं लागले. ज्याची प्रार्थना करावयाची तोच येशू शुभवर्तमानांच्या कथेंत भुकेला होतो, थकून होडींत झोपतो, मित्राच्या थडग्यापाशीं रडतो आणि अखेर रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमानें वधस्तंभावर मरतो. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा? दोन सोपे मार्ग होते, आणि दोन्ही लवकरच चोखाळले गेले. तो केवळ एक थोर संदेष्टा होता, असें कांहींनीं म्हटलें. तो केवळ देव होता, त्याचा देह हा निव्वळ आभास, असें दुसऱ्या कांहींनीं म्हटलें. ख्रिस्तमंडळीनें हे दोन्ही मार्ग नाकारले, आणि नाकारतांच तिच्यावर मधली अवघड वाट शोधण्याची जबाबदारी येऊन पडली.

आपल्या वाचकांस येथें अवतारकल्पनेची आठवण होणें स्वाभाविक आहे. साम्य आहे, परंतु भेदही लक्षांत ठेवावयास हवा. अवतार अनेक आहेत आणि ते युगायुगांतून होतात. ख्रिस्ती लोकांच्या मतें ही घटना एकदांच, एका ठराविक रोमन सुभेदाराच्या अमदानींत घडली. शिवाय अवताराचें दुःख खरें कीं ती लीला, या प्रश्नावर आपल्याकडे भक्ताची मुक्ति अवलंबून ठेवलेली नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेंत सर्व कांहीं त्यावरच अवलंबून आहे. ज्यानें मरण सोसलें तो खरोखर मनुष्य नसेल तर मनुष्याचें मरण कोणींच जिंकलेलें नाहीं. आणि तो खरोखर देव नसेल तर जिंकण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं कोठून आलें? पुढील सर्व वाद या दोन वाक्यांच्या पोटीं आहे.

पहिली ठिणगी इ. स. ३१८ च्या सुमारास अलेक्झांड्रिया शहरांत पडली. तेथील एरियस नांवाच्या वयोवृद्ध व तपस्वी धर्मगुरूनें आपला बिशप अलेक्झांडर याच्या शिकवणीस हरकत घेतली. एरियसचें म्हणणें तर्काला धरून होतें. अनादि असा एक ईश्वरच. पुत्र म्हटला कीं त्याला जन्म आला, आणि जन्म आला कीं आरंभ आला. म्हणून ख्रिस्त हा सर्व सृष्टीच्या अगोदर निर्माण झालेला, सर्वांहून श्रेष्ठ, तरी अखेर निर्माण झालेलाच. ईश्वराचें एकत्व अबाधित राखावें हा त्याचा हेतु होता, आणि तो हेतु क्षुद्र म्हणतां यावयाचा नाहीं. खलाशी, दळणारे, वाटसरू यांच्या तोंडीं बसावीं म्हणून त्यानें आपलीं मतें गाण्यांत गुंफलीं, असें एका प्राचीन इतिहासकारानें नमूद केलें आहे.

त्याला खरें उत्तर दिलें तें अथनेशियस यानें. हा त्या वेळीं बिशप अलेक्झांडरच्या हाताखालीं साधा सेवक होता. त्याचा युक्तिवाद तर्कशास्त्रापेक्षां मुक्तीच्या अनुभवावर उभारलेला आहे. जो स्वतः निर्माण झालेला आहे तो दुसऱ्या निर्माण झालेल्या जीवाला ईश्वराशीं जोडूं शकत नाहीं. बुडणाऱ्याला काठावरच्यानेंच हात द्यावा लागतो. ख्रिस्तानें मनुष्यांना ईश्वराच्या जवळ नेलें असेल तर तो स्वतः ईश्वराच्याच बाजूचा असला पाहिजे. एरियसच्या पक्षीं ईश्वराचें एकत्व होतें, अथनेशियसच्या पक्षीं मनुष्याची आशा होती.

येथवर हा वाद एका नगरींतील धर्मगुरूंचा होता. इ. स. ३२४ मध्यें कॉन्स्टंटाइन हा सर्व रोमन साम्राज्याचा एकटा धनी झाला, आणि वादाचें रूप पालटलें. बारा वर्षांपूर्वींपर्यंत ज्या धर्माचा छळ होत होता त्याच धर्माच्या आधारानें साम्राज्य एकजीव करावें अशी त्याची इच्छा होती. आणि तो धर्मच आतून दुभंगलेला त्यास दिसला. त्यानें अलेक्झांडर व एरियस या दोघांना पत्र लिहून, असल्या क्षुल्लक प्रश्नावर भांडूं नका, अशी समजूत घालून पाहिली. ती फुकट गेली. तेव्हां त्यानें इ. स. ३२५ मध्यें आशियामायनरांतील निकैया या गांवीं बिशपांची परिषद भरविली. जमलेल्या बिशपांची परंपरागत संख्या ३१८ सांगतात; प्रत्यक्षांत ते दोनशेंपासून तीनशेंपर्यंत असावेत. सरकारी टपालाच्या गाड्यांतून ते आले, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या अंगावर पूर्वींच्या सम्राटांनीं केलेल्या छळाचे व्रण होते. ज्या राजसत्तेनें काल डोळे फोडले, तीच आज आपणांस सन्मानानें बोलावून धर्माचा निर्णय विचारीत आहे, या दृश्यानें ते भारावून गेले असल्यास नवल नाहीं.

परिषदेनें पुत्र हा पित्याशीं ‘होमोऊसिओस’ म्हणजे एकतत्त्व आहे असें ठरविलें. हा शब्द बायबलांत नाहीं, ही त्यावरची मोठी हरकत होती. परंतु बायबलांतील प्रत्येक शब्दाला एरियसचा पक्ष आपल्यापुरता अर्थ लावूं शके, म्हणून बाहेरचा शब्द आणावा लागला. दोन बिशपांखेरीज सर्वांनीं सह्या केल्या. ते दोघे आणि एरियस यांना हद्दपारी मिळाली. धर्मविषयक मतभेदास सरकारी शिक्षा ही जोड येथें पहिल्यानें ठळकपणें दिसते, आणि आमच्या मतें निकैयाचा सर्वांत दूरगामी परिणाम हाच होय.

सक्तीनें झालेल्या सह्या टिकत नाहींत. पुढल्या पन्नास वर्षांत निकैयाचा शब्द मानणारे, ‘एकतत्त्व’ ऐवजीं ‘सदृशतत्त्व’ म्हणजे ‘होमोइऊसिओस’ म्हणणारे, आणि तत्त्वाचा शब्दच नको म्हणणारे असे अनेक पक्ष झाले. ज्या एका ‘इ’ ची थट्टा होते ती हीच. कॉन्स्टंटाइननें इ. स. ३३७ मध्यें मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा पुत्र कॉन्स्टॅन्शियस यानें तर निकैयाविरुद्धच साम्राज्याचें वजन टाकलें. इ. स. ३२८ पासून अलेक्झांड्रियाचा बिशप असलेला अथनेशियस चार सम्राटांच्या कारकीर्दींत मिळून पांच वेळां हद्दपार झाला आणि त्याचीं सतराएक वर्षें वनवासांत गेलीं. कालचें पाखंड आज राजमत होई आणि आजचें राजमत उद्यां पाखंड ठरे. अखेर सम्राट थिओडोशियस यानें इ. स. ३८० मध्यें निकैयाचें मत हाच साम्राज्याचा धर्म असें फर्मान काढलें, आणि ३८१ मध्यें कॉन्स्टॅन्टिनोपल येथील परिषदेनें त्यावर शिक्कामोर्तब केलें.

त्या दिवसांत हा प्रश्न विद्वानांपुरताच राहिला नव्हता. निस्साचा ग्रेगरी या धर्माचार्यानें राजधानीचें मोठें गमतीचें वर्णन केलें आहे. नाण्याची मोड मागावी तर सराफ पुत्राच्या उत्पत्तीवर व्याख्यान देतो. पावाचा भाव विचारावा तर भटारी सांगतो कीं पिता पुत्राहून मोठा. स्नानाचें पाणी तापलें काय म्हणावें तर उत्तर येतें कीं पुत्र शून्यांतून निर्माण झाला. ग्रेगरी हें त्रासून लिहितो. आम्हांस मात्र त्यांत एक निराळी गोष्ट दिसते. ज्या नगरींत पाववाल्यालाही मुक्तीचा प्रश्न आपला वाटतो तेथें तो प्रश्न शब्दांचा खेळ असूं शकत नाहीं.

ख्रिस्ताचें देवत्व असें निश्चित झाल्यावर दुसरें टोक पुढें आलें. तो पूर्ण देव, तर मनुष्य कितपत? लाओदिकेयाचा बिशप अपोलिनारिस हा निकैयाचा कट्टा पुरस्कर्ता. त्यानें सुचविलें कीं ख्रिस्ताला देह मनुष्याचा होता, पण मनुष्याच्या बुद्धीच्या जागीं साक्षात् ईश्वरी शब्द होता. वरवर पाहतां ही सोय सुटसुटीत दिसते. तिला नाझियान्झसच्या ग्रेगरीनें जें उत्तर दिलें तें सर्व वादांतील सर्वांत मार्मिक समजलें जातें. त्याचा भावार्थ असा कीं, ईश्वरानें जें अंगीकारलें नाहीं तें बरें झालें नाहीं. मनुष्याचा रोग देहांत नसून बुद्धींत आहे. तेव्हां बुद्धि वगळून वैद्यानें केवळ देहच आपलासा केला तर रोग तसाच राहिला. ३८१ च्या परिषदेनें अपोलिनारिसचें मतही त्याज्य ठरविलें.

आतां दोन्ही बाजू पक्क्या झाल्या : पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. उरला तो त्यांच्या जोडाचा प्रश्न, आणि सर्वांत कडू भांडण झालें तें त्यावर. अलेक्झांड्रियाच्या परंपरेस ख्रिस्ताच्या एकत्वाची काळजी होती. बोलतो, चालतो, मरतो आणि उठतो तो एकच, ईश्वरी शब्द स्वतः. हें सुटलें तर ख्रिस्त म्हणजे ईश्वराची कृपा झालेला एखादा साधुपुरुष ठरेल. सिरियांतील अंत्युखियाच्या परंपरेस त्याच्या मनुष्यत्वाची काळजी होती. तो खरोखर वाढला, शिकला, मोहाशीं झुंजला. हें सुटलें तर शुभवर्तमान म्हणजे देवानें केलेलें एक नाटक ठरेल. एकाला दुजाभावाची भीति, दुसऱ्याला मिसळीची.

अंत्युखियाचा संन्यासी नेस्टोरियस हा इ. स. ४२८ मध्यें कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप झाला. लोक मरियेला भक्तिभावानें ‘थिओटोकोस’ म्हणजे देवाला जन्म देणारी म्हणत. नेस्टोरियसला तो शब्द खटकला. मनुष्याच्या पोटीं देवत्वाचा आरंभ कसा होईल? ‘ख्रिस्टोटोकोस’ म्हणजे ख्रिस्ताला जन्म देणारी म्हणा, असें त्यानें सुचविलें. सूचना सूक्ष्म होती, पण जनतेच्या तोंडचा प्रार्थनेंतील शब्द काढून घेण्याइतकी धोक्याची गोष्ट नाहीं. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल यानें ही संधि साधली. सिरिलची बुद्धि तीक्ष्ण होती आणि त्याची मूळ शंकाही खरी होती : मरियेचा पुत्र आणि ईश्वराचा पुत्र हे दोन वेगळे पुत्र आहेत काय? परंतु त्यास राजधानीच्या वाढत्या धर्मपीठाविषयींचा जुना मत्सरही होता, आणि साधनांचा विधिनिषेध फारसा नव्हता.

इ. स. ४३१ मध्यें सम्राट दुसरा थिओडोशियस यानें एफेसस येथें परिषद बोलाविली. अंत्युखियाचा बिशप योहान आणि त्याचा परिवार यांना वाटेंत उशीर झाला. सम्राटाच्या प्रतिनिधीची व अनेक बिशपांची हरकत बाजूस सारून सिरिलनें २२ जून रोजीं काम सुरू केलें आणि त्याच दिवशीं नेस्टोरियसला पदच्युत केलें. चार दिवसांनीं योहान आला. त्यानें आपली वेगळी परिषद भरवून सिरिललाच पदच्युत केलें. पुढें निकाल राजधानींत लागला. सिरिलच्या पक्षानें दरबारांतील मानकऱ्यांना गालिचे, हस्तिदंती आसनें व सोनें अशा ज्या भेटी पाठविल्या त्यांची यादी आजही उपलब्ध आहे. नेस्टोरियस हद्दपार झाला, त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम इ. स. ४३५ मध्यें निघाला, आणि इजिप्तमध्येंच तो मेला.

न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं सिरिल केवळ भांडकुदळ नव्हता. इ. स. ४३३ मध्यें त्यानें आणि योहानानें एका समेटाच्या मसुद्यावर सहमति केली, आणि दोन स्वभावांची भाषा व ‘थिओटोकोस’ हा शब्द असे दोन्ही त्यांत आले. दोन प्रतिपक्षी एकत्र बसले तर एकमेकांचें म्हणणें समजूं शकतात, याचा हा पुरावा होय. या समेटाला मुरण्यास एक पिढी मिळाली असती तर पुढील इतिहास निराळा झाला असता असें आम्हांस वाटतें. ती मिळाली नाहीं. सिरिल इ. स. ४४४ मध्यें वारला. त्याचा उत्तराधिकारी डायोस्कोरस यानें ४४९ मध्यें एफेसस येथेंच दुसरी परिषद भरवून, कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप फ्लेवियन यास दंडेलीनें पदच्युत केलें. त्या मारहाणींतून फ्लेवियन वांचला नाहीं. रोमचा बिशप लिओ यानें पाठविलेलें सविस्तर पत्र तेथें वाचूंच दिलें नाहीं. लिओनें या सभेला लुटारूंची सभा म्हटलें, आणि तेंच नांव तिला चिकटलें.

दुसऱ्याच वर्षीं थिओडोशियस घोड्यावरून पडून मेला. त्याची बहीण पल्केरिया आणि तिनें वरलेला नवा सम्राट मार्शियन हे दुसऱ्या पक्षाचे होते. त्यांनीं इ. स. ४५१ च्या ऑक्टोबरांत राजधानीसमोरच्या किनाऱ्यावर कॅल्सिडॉन येथें परिषद भरविली. पांचशेंहून अधिक बिशप जमले. त्यांना नवी व्याख्या करावयाची नव्हतीच. आहे तें पुरे, असें ते म्हणत होते. व्याख्या हवी होती ती सम्राटाला.

येथें घडलेला एक प्रसंग व्याकरणाची आवड असलेल्या आपल्या वाचकांस विशेष उद्बोधक वाटेल. २२ ऑक्टोबरच्या बैठकींत जो मसुदा आला त्यांत ख्रिस्त ‘दोन स्वभावांपासून’ आहे असे शब्द असावेत, असें अभ्यासक मानतात. बहुतेक बिशपांनीं त्याचा जयघोष केला. पण राजप्रतिनिधींनीं हरकत घेतली : पदच्युत डायोस्कोरसही ‘दोहोंपासून’ हें मान्य करतो, तेव्हां तुम्ही डायोस्कोरसच्या बाजूचे कीं लिओच्या? मसुदा बदलला नाहीं तर परिषद इटलींत हलवूं, असा दमही सम्राटाकडून आला. बिशपांनीं हार खाल्ली आणि ‘दोन स्वभावांत’ असा शब्दप्रयोग आला. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर पंचमीच्या जागीं सप्तमी आली. ‘दोहोंपासून’ म्हटल्यास संयोगानंतर स्वभाव एकच उरला असें मानण्यास जागा राहते. ‘दोहोंत’ म्हटल्यास संयोगानंतरही दोन्ही जसेच्या तसे कायम आहेत असें ठरतें. एका विभक्तीचा हा फरक, आणि अलेक्झांड्रियाची मंडळी येथून जी वेगळी झाली ती झालीच.

व्याख्या स्वतः मात्र मोठी संयमी आहे. दोन स्वभाव एकाच व्यक्तींत आहेत. त्यांची मिसळ नाहीं, पालट नाहीं, फांक नाहीं, ताटातूट नाहीं. हीं चारही विशेषणें निषेधार्थी आहेत हें ध्यानांत धरण्याजोगें आहे. जोड कसा आहे हें ती सांगत नाहीं. कसा नाहीं एवढेंच सांगते. आमच्या वेदान्त्यांस ‘नेति’ ची ही पद्धत परकी वाटूं नये. शब्दांनीं गूढाभोंवतीं कुंपण घालावें, आंत शिरूं नये, अशी ही वृत्ति आहे, आणि ती पुढें दीड हजार वर्षें टिकली ती याच गुणामुळें.

परंतु कुंपणाची भिंत झाली, आणि भिंतीवर शिपाई उभे राहिले. डायोस्कोरस हद्दपारींत मेला. त्याच्या जागीं नेमलेला सरकारपक्षाचा बिशप प्रोटेरियस याला अलेक्झांड्रियाच्या जमावानें इ. स. ४५७ मध्यें ठार केलें. पुढील दोनशें वर्षें एकामागून एक सम्राट कधीं तडजोडीचीं फर्मानें तर कधीं छळ, असे उपाय करून पाहत होते. इजिप्त, सिरिया, आर्मेनिया व इथिओपिया येथील मंडळ्या सिरिलची भाषा धरून वेगळ्या राहिल्या. सिरियांतील याकोब बरादाई हा संन्यासी इ. स. ५४२ च्या सुमारास बिशप झाला आणि फाटक्या कांबळ्याच्या वेषांत सरकारी शिपायांना चुकवीत गांवोगांव धर्मगुरु नेमीत हिंडला. सातव्या शतकांत सिरिया व इजिप्त हे प्रांत अरबांनीं जिंकले. या विजयाला धर्मभेदच कारणीभूत झाला असें पूर्वीं सरसकट लिहीत. आतांचे संशोधक तितकें पुढें जात नाहींत. एवढें मात्र खरें कीं, जी एकी साधण्यासाठीं कॅल्सिडॉनची खटपट केली ती एकी साम्राज्याला त्या प्रांतांत शेवटपर्यंत लाभली नाहीं.

पूर्वेकडे इराणांतील मंडळी या सर्वांहून वेगळी पडली. तिची धर्मभाषा सिरियाक. तिचे गुरु अंत्युखियाच्या परंपरेंतले. ती एफेससच्या परिषदेस हजर नव्हती, आणि नेस्टोरियसचा धिक्कार करण्याचें तिला कारण दिसेना. सातव्या शतकाच्या आरंभीं तिचा पंडित बाबाई यानें ख्रिस्ताविषयीं दोन ‘क्‍नोमा’ आणि एक ‘पर्सोपा’ असें सूत्र बसविलें. ग्रीकांनीं ‘क्‍नोमा’ चें भाषांतर ‘हिपोस्तासिस’ केलें. कॅल्सिडॉनच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ व्यक्ति. म्हणजे हे लोक दोन ख्रिस्त मानतात असा निष्कर्ष निघाला. सिरियाकांत तो शब्द एखाद्या स्वभावाचें प्रत्यक्ष, विशिष्ट रूप एवढाच अर्थ दाखवितो. भाषांतर करणाऱ्या कोणासही हा धोका अपरिचित नाहीं; येथें मात्र त्या भाषांतरावर एका सबंध धर्ममंडळीचा बहिष्कार उभा राहिला.

या इराणी मंडळीमुळेंच हा दूरचा वाद आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस यानें लिहून ठेवलें आहे कीं, हिंदुस्थानांत ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमलेला एक बिशप असतो. हें ठिकाण म्हणजे मुंबईजवळचें आपलें कल्याण, असें बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. १३२१ मध्यें ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले, तेव्हां ते ज्या घरीं उतरले होते तें घरही अशाच ‘नेस्टोरियन’ ख्रिस्ती माणसाचें होतें. केरळांतील थोमाचे ख्रिस्ती म्हणविणारे लोक तर शतकानुशतकें याच मंडळीकडून बिशप आणवीत.

इ. स. १५९९ च्या जूनमध्यें गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यानें कोचीनजवळ उदयंपेरूर येथें या केरळी ख्रिस्ती लोकांची सभा भरविली. नेस्टोरियसचा धिक्कार करा, त्याचें स्मरण प्रार्थनेंतून काढा, असें त्यांस फर्माविण्यांत आलें. सिरियाक पोथ्या तपासण्यासाठीं मागवून घेतल्या गेल्या, कांहीं दुरुस्त केल्या, कांहीं जाळल्या. एफेससच्या परिषदेला त्या वेळीं ११६८ वर्षें झालीं होतीं. मिरीच्या वेलांच्या प्रदेशांत शेती-व्यापार करणाऱ्या त्या कुटुंबांनीं, कॉन्स्टॅन्टिनोपलच्या एका बिशपानें ग्रीक भाषेंत काय म्हटलें होतें यासाठीं, आपल्या वाडवडिलांच्या प्रार्थना बदलल्या. इ. स. १६५३ मध्यें त्यांतल्या पुष्कळांनीं मट्टांचेरी येथें शपथ घेऊन ही सत्ता झुगारली. १६६५ मध्यें त्यांना जो बिशप मिळाला तो मार ग्रेगोरिओस, आणि तो आला सिरियांतील याकोबी मंडळींतून, म्हणजे नेस्टोरियसच्या नेमक्या उलट टोकाच्या पक्षाकडून. त्यास त्यांनीं आनंदानें स्वीकारलें. दोन स्वभाव कीं एक, या प्रश्नापेक्षां आपला धर्म आपल्या हातीं राहणें हें त्यांना अधिक निकडीचें होतें, असाच याचा अर्थ आम्ही करतों.

विसाव्या शतकांत या जुन्या खटल्याची फेरतपासणी झाली. हद्दपारींत नेस्टोरियसनें लिहिलेला एक ग्रंथ सिरियाक भाषांतराच्या रूपानें कुर्दिस्तानांत सांपडला व इ. स. १९१० मध्यें छापला गेला. त्यांत तो म्हणतो कीं, लिओचें मत आपलेंच मत आहे. ज्या कॅल्सिडॉननें त्याचा पुन्हा धिक्कार केला त्याच परिषदेच्या मुख्य आधारपत्राशीं तो सहमत होता! पुढें १९६४ मध्यें डेन्मार्कमधील आऱ्हुस येथें कॅल्सिडॉन मानणारे व न मानणारे पौर्वात्य धर्मपंडित एकत्र बसले, केरळचे व्ही. सी. सॅम्युअल हे त्यांपैकीं एक. एकमेकांचे शब्द सावकाश तपासल्यावर, वेगळ्या भाषेंत आपण एकच श्रद्धा सांगत आलों आहों, अशी त्यांची खात्री पटली. इ. स. १९७३ मध्यें रोमचे पोप सहावे पॉल व अलेक्झांड्रियाचे तिसरे शनूदा यांनीं, आणि ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल व इराणी परंपरेच्या मंडळीचे मुख्य मार दिन्खा चौथे यांनीं संयुक्त जाहीरनाम्यांवर सह्या केल्या. मरियेला देवाची माता म्हणावें कीं ख्रिस्ताची, या दोन्ही प्रघातांना या शेवटच्या जाहीरनाम्यांत मान्यता आहे. एफेससनंतर १५६३ वर्षांनीं दोन्ही शब्द एका कागदावर नांदले.

यावरून, मुळांत भांडण नव्हतेंच, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. भांडण होतें आणि तें गंभीर होतें. पूर्ण देवत्व सोडलें तर आशा जाते आणि पूर्ण मनुष्यत्व सोडलें तर सोबत जाते, हें सिरिल व नेस्टोरियस यांनीं आपापल्या परीनें ओळखलें होतें; आणि प्रत्येकाला भीति होती ती दुसऱ्याच्या शब्दानें आपली अर्धी बाजू निसटेल याची. ४३३ चा समेट दाखवितो कीं ही भीति बोलण्यानें दूर होऊं शकत होती. परंतु बोलण्याला वेळ लागतो, आणि साम्राज्यांना तो नसतो. सम्राटाला एक सही, एक सूत्र, एक प्रजा हवी होती. बिशपांनाही प्रतिपक्षावर सरकारी शिपाई सोडण्याचा मोह आवरला नाहीं. मतभेद तर्काच्या क्षेत्रांतून कायद्याच्या क्षेत्रांत गेला कीं समजून घेणें हा गुन्हा ठरतो आणि हट्ट ही निष्ठा ठरते. हा धडा एकट्या ख्रिस्ती इतिहासाचा नाहीं. ज्या ज्या समाजांत पंडितांचा वाद दरबारीं नेला जातो तेथें तो पुन्हा शिकावा लागतो.

आज जाहीरनाम्यांनीं पुष्कळ कांहीं भरून निघालें आहे, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. उदयंपेरूरच्या सभेनंतर ज्या पोथ्या जळाल्या त्या मात्र कोणत्याही जाहीरनाम्यानें परत येण्याजोग्या नाहींत.